कुलपाचा शब्द

२६ ऑक्टोबर, रविवार

तेजू गेली. नागपूरची गाडी नेरच्या स्टँडवर धड उभीच राह्यली नाही, ड्रायव्हरनं नुसती हळू केली अन् पोट्टी पळत चढली. त्याच्या तोंडात तंबाखूचा खर्रा. खिडकीतून थुकला तो माह्या चपलेपाशी. शी. नातीची दिवाळीची पाठवणी, अन् ही अशी.

जाता जाता माह्या मोबाईलात एक नवीन खोकं बसवून गेली. ईमेल. पण साधं नाही, कुलपाचं. ती तिकडून चिठ्ठीले कुलूप लावून धाडते, इकडं मीच उघडाची. मधात कोणी पकडली त त्याले नुसत्या मुंग्या दिसतात, अक्षर एक नाही. दोन किल्ल्या असतात म्हणे. एक वाटाची, तिनं नुसतं कुलूप लागते, ती कोणालेही देली तरी चालते. दुसरी उघडाची, ती माह्या फोनाच्या बाहेर जात नाही. अन् त्या दुसरीवर आणखीन एक शब्द लागते. तो शब्द इसरला का चिठ्ठी मेली. ज्यानं हे बनवलं त्यालेही मंग उघडता येत नाही, तेजूलेही नाही.

"म्हणून असा शब्द ठेव आजी, का तू इसरणार नाही अन् तुह्या तोंडातून कोणी काढू शकणार नाही." मंग तीच म्हणे, "आबाचं नाव ठेव. पन्नास वर्सांत घेतलं का एकदा तरी?"

घेतलं न. उखाण्यात घेतलं. बाकी नाही. रेशनच्या दुकानातही कार्डावर बोट ठेवून दाखवते मी.

फोन माह्या हातात देऊन तिनं तोंड भिंतीकडं केलं. "टाक. मलेही पाह्याचं नाही."

आता हे इथंच लिहून ठेवते, तिले सांगितलं नाही. मी नाव नाही टाकलं. बोट पहिल्या अक्षरावर गेलं अन् परत आलं. हे समोर वट्ट्यावर सुपारी कातरत बसले, अन् मी त्याहीचं नाव नुसतं लिहू, ना राव ना जी, जसं बैलाले हाकलून राह्यली. मंग रोज जे म्हणते तेच टाकलं. आवो आयकता का. दोनदा टाकाले लावलं, दोनदा टाकलं. तेजूले वाटते आबाचं नावच आहे. वाटू द्या.

ही वही कोण वाचते. दिलीपच्या, माह्या पोराच्या, दुकानातली बियाण्याच्या कंपनीची डायरी, वरतं कपाशीचं बोंड, आत माहे कोंबडीचे पाय. चौथी शिकली मी, तेही गुरुजी अर्धे दिवस नसत.

२८ ऑक्टो., मंगळवार

आली. मले चिठ्ठी आली, कुलूपबंद. दाळ गंजात उकळून राह्यली, तसीच सोडून बसली. शब्द टाकला. चक्र फिरलं, उघडली.

"आजी, जेवली का?"

एवढंच. इतकं कुलूप, दोन किल्ल्या, अन् आत जेवली का. मले हासूही आलं अन् रागही. दाळ उतू गेली, शेगडी घासाले अर्धा घंटा गेला. उत्तर लिहिलं: हाव तू. प्रश्नाचं चिन्ह सापडलं नाही.

पण खरं सांगू, दिवसभर बरं वाटलं. साऱ्या घरात माह्याच नावाची चिठ्ठी.

१ नोव्हें., शनिवार

ह्या घरात माहा मोबाईल म्हणजे सरकारी नळ. सूनबाई संगीता त्याच्यावर भाज्या पाह्यते, शेजारीण घेऊन जाते अन् बोटाले तेल लावून परत आणते. माहा व्हॉट्सअप सारे मोठ्यानं वाचतात, मीच शेवटी आयकते. दोन वर्सांपासून फोनाले हिंगाचा वास येते, तो कुठून येते देव जाणे. म्हणूनच तेजूनं कुलूप बसवलं.

संगीता आज म्हणे, "आई, हे नवीन काय आहे? उघडत नाही."
मी म्हणलं, "बँकेचं असन."
बँकेचं म्हणलं का सारे भेतात. बरं आहे.

४ नोव्हें., मंगळवार

हात धुतले तीनदा. फोनही ओल्या फडक्यानं पुसला. तरी गेलं नाही.

तेजूची लांब चिठ्ठी. सोबत फोटो, एकोणीस. तिच्या हापिसातल्या मोठ्या सायबानं तिले धाडलेले निरोप, त्याचेच फोटो काढले तिनं. सकाळी गणपती, कमळाचं फूल, खाली लिहिलेलं "स्त्री हेच देवीचं रूप". दुपारी त्याच माणसाचं, आज कोणत्या रंगाचं घातलं. खोलीवर कोण असते सोबत. वर केबिनात ये, दार लोटून. नाही आली त बढतीचं इसरून जाय. दुसऱ्या दिवशी परत गणपती.

मले अंगावर पाल पडल्यासारखं झालं. बावन्न वर्सांचा आहे म्हणे, लेक आहे त्याले कॉलेजात. त्या गणपतीची कीव आली मले. कोण्या कोण्या हातानं धाडतात देवाले.

तेजूनं लिहिलं, तिनं तक्रार देली. कंपनीची समिती बसन, चौकशी करन. "हे सारं कंपनीच्या फोनात आहे. फोन कधीही परत मागतीन. दुसरीकडं ठेवाची भीती वाटते, हात पोचतात त्याचे. तुह्याकडं कोणीच पाह्यणार नाही. सांभाळ. बाबाले सध्या सांगू नको."

म्हणजे जेवली का, जेवली का, ही नुसती तालीम होती.

मी लिहिलं: सांभाळते. तू जेव. यापेक्षा जास्त सुचलं नाही. वांग्याचं भरीत केलं होतं, ते तसंच झाकून ठेवलं. ह्याहीनं इचारलं, "काय झालं वं?" म्हणलं पित्त.

७ नोव्हें., शुक्रवार

तेजूनंच बापाले फोन करून सांगितलं, तक्रारीचं. निरोप दाखवले नाही, नुसतं सांगितलं. दि. चा, म्हणजे दिलीपचा, आवाज पार चौकापर्यंत गेला.

"नोकरी सोड अन् घरी ये. दारव्ह्याचे पावणे तुले पाह्याले येऊन राह्यले पुढच्या महिन्यात. त्याहीनं आयकलं त?"

फोन ठेवून मले म्हणे, "माय, तू समजाव तिले. असं सांगत नसतात. लोक आपल्यालेच नावं ठेवतात."

हा माहा पोरगा. नऊ महिने पोटात ठेवला. लहानपणी कोणी याची गोटी घेतली त हेडमास्तरपर्यंत जाये. त्याच्या ताटात पोळी वाढली अन् पाह्यत राह्यली. किळस पोराची येईन असं वाटलं नव्हतं. येते.

११ नोव्हें., मंगळवार

कंपनीनं फोन परत घेतला तेजूचा. ती म्हणते तसंच झालं. नवीन फोन घेतला, नवीन किल्ली बनवली, वाटाची किल्ली मले धाडली. आता ते एकोणीस फोटो साऱ्या दुनियेत एकाच ठिकाणी आहेत. माह्या हिंगाच्या फोनात.

समितीनं सव्वीस तारीख देली. लिहिलं तिनं, "पंचवीसले मले परत धाडजो आजी. कसं धाडाचं ते सांगन."

फोन आता कंबरेले. आंघोळीले जाताना दाळीच्या डब्यात, तुरीच्या, खाली दाबून.

१४ नोव्हें., शुक्रवार

आज मजा झाली, अन् घाणही वाटली, दोन्ही.

दुपारी डोळा लागला. उठून पाह्यते त दि. माहा फोन घेऊन बसला. दिवाळीत तेजू म्हणे आबाचं नाव ठेव, ते संगीतानं सयपाकघरातून आयकलेलं, नवऱ्याले सांगितलं. दि. बापाचं नाव टाकून राह्यला. मी डोळे बारीक करून पडूनच राह्यली. नुसतं नाव टाकलं. नाही उघडलं. राव लावून टाकलं. नाही. इंग्रजीत टाकलं. मंग स्वतःचं नाव टाकलं, हे त मले लयच हासाले आलं, त्याले वाटते मी त्याचंच नाव ठेवलं असन.

मी उठून बसली. "काय पाह्यतं?"
"काय धाडलं तिनं तुले? पाह्यतो अन् मिटवून टाकतो. कागदच नसले त प्रकरण आपोआप थंड होते."
"कायले थंड कराचं?"
"माय, तुले नाही समजत."
"मले नाही समजत त उघड न. तू त बी.कॉम. आहे."

फोन घेतला त्याच्या हातून. चोरून आईचा फोन पाह्यते. हे घाणेरडं झालं. पण कुलूप टिकलं. माह्या लाजेनं टिकलं. सांजच्याले दिव्यापाशी एकटीच हासली.

१७ नोव्हें., सोमवार. ढाणकी

भाचीच्या, म्हणजे शोभाच्या पोरीचं लग्न. उद्या हळद. पहाटची गाडी, यवतमाळले बदली, मंग उमरखेड, मंग इथं. कंबर गेली. हे आले नाही, घरी राह्यले, कापूस वेचाले बाया येणार.

पिशवी उघडली. लुगडं आहे, अहेर आहे, ही वही आहे. फोन नाही. आंघोळीले गेलती तवा डब्यात ठेवला तो तिथंच.

वही घेतली अन् फोन राह्यला. काय म्हणावं मले. जाऊ द्या, डब्यात कोण पाह्यते. पंचवीसच्या आत जातेच परत.

१८ नोव्हें., मंगळवार. ढाणकी

हात पिवळे आहेत, वहीले लागून राह्यले. पण आजच लिहिते.

अकरा वाजता शोभाच्या फोनवर ह्याहीचा फोन. माहे हात हळदीत, शोभानं आवाज मोठा करून माह्या तोंडापुढं धरला. आजूबाजूले पंधरा बाया, नवरदेवाकडच्याही.

"तुहा मोबाईल कुठं आहे?"
"दाळीच्या डब्यात. काहून?"
"तेजूचा फोन आलता माह्यावर. समिती उद्याच बसून राह्यली. एकाएकी बदलली तारीख. तिले ते फोटो पायजेत. कायचे फोटो आहेत वं?"
म्हणलं, "अन्वरकडं घेऊन जा. दि. ले सांगू नका."

अन्वर म्हणजे स्टँडजवळचा, मोबाईल दुरुस्त करते. माणूस चांगला, ह्याह्यचा बटणाचा फोन त्यानंच पाचदा जिता केला. तेजूनं ह्याह्यले सांगितलं, शब्द तुमचंच नाव आहे.

अर्ध्या तासानं परत फोन. शोभानं परत तसाच धरला.

"उघडत नाही. माहं नाव टाकलं. राव लावून टाकलं. बापाचं नाव जोडून टाकलं. अन्वर म्हणते दुसरंच काही असन. काय टाकलं तू?"

साऱ्या बायाहीचे हात थांबले. आता नवरदेवाच्या आत्यापुढं मी काय सांगू. पण उद्या म्हणजे उद्याच. बोलली.

"आवो, आयकता का."
"आयकून राह्यलो. सांग."
"तेच सांगून राह्यली. आवो आयकता का."
"आयकतो म्हणलं न. बहिरा आहे का मी?"
"तसं नाही. आवो आयकता का."
"अवं, कवापासून आयकून राह्यलो, तू बोलशीन त."
"बोलून राह्यली न मी. आवो. आयकता. का."
"हिले काय झालं रे अन्वर. तिकडं ऊन लागलं का."

मागून अन्वरचा आवाज. "चाचा. ओ चाचा. वही पासवर्ड है."

मले वाटलं कटला फोन. मंग ह्याहीचा आवाज, बारीक.

"हे टाकलं होतं तू?"
"हाव."
"नाव नाही टाकलं."
"नाही."
"बरं."

इकडं बाया लोळून राह्यल्या. नवरदेवाची आत्या म्हणे, "माय वं, आमचा बुढा जिता असता त मीही हेच ठेवलं असतं." हळदीची वाटी कलंडली. मीही हासली, कायले खोटं लिहू.

हासता हासता ध्यानात आलं, तिकडं उघडलं असन. शोभाले म्हणलं फोन कानाशी धर. नुसता श्वास. मोठा, जसा विहिरीतून पाणी ओढताना घेत.

"वाचता का?" म्हणलं.
"वाचू नका. नुसते धाडा."
फोन ठेवला त्याहीनं. मी हळद लावाले बसली, नवरीच्या पायाले लावाची ते घोट्यापर्यंत लावली, तिकडं ध्यानच नाही.

२१ नोव्हें., शुक्रवार. नेर

काल आली घरी. हे जेवतात, हात धुतात, वट्ट्यावर जातात. सुपारी कातरली पण खाल्ली नाही, अडकित्त्यापाशी ढीग.

आज दुपारी आपल्या मनानं सांगितलं. फोटो उघडले तसा अन्वर एकच नजर टाकून उठला, कोणतं बटण दाबाचं ते दाखवून बाहेर जाऊन उभा राह्यला, पाठ करून. गिऱ्हाईक आलं त्याले म्हणे, दुकान बंद है. ह्याहीनं एकोणीसही वाचले. तिच्या किल्लीनं कुलूप लावून धाडले. मंग तसेच स्टँडवर गेले अन् नागपूरच्या गाडीत बसले. मळलेल्या धोतरावर. दुसऱ्या दिवशी समितीच्या दाराबाहेर बाकावर बसून होते दिवसभर. तो सायब समोरून गेला म्हणे.

"कसा आहे?"
"साधा. इस्तरीचे कपडे. मले म्हणे, बाबा, पाणी पाह्यजे का?"
"मंग?"
"मी त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही."

एवढं म्हणून आत गेले.

२२ नोव्हें., शनिवार

समितीनं फोटो ठेवून घेतले. आता इचारते, हे खरे कशावरून, बनवले नसतीन कशावरून. बढती पाह्यजे होती म्हणून पोरगी असं करून राह्यली, असं त्या सायबानं लिहून देलं. निकाल तीन डिसेंबरले.

रातच्या जेवणात ह्याहीनं दि. ले इचारलं. पहिल्यांदा.

"दुकानात बियाणं खराब आलं, उगवलंच नाही, त शेतकऱ्याले काय सांगतं तू?"
"तक्रार करा म्हणतो. पंचनामा करा."
"असं सांगत नाही का, घरी बसा, लोक तुमालेच नावं ठेवतीन?"

दि. चा घास हातात. संगीता सयपाकघरात गेली. दि. म्हणे, "बाबा, बियाणं अन् पोरगी एक आहे का?"
हे म्हणे, "नाही. म्हणूनच इचारलं."

मी वरण वाढलं. कोणी नको म्हणलं नाही, कोणी खाल्लंही नाही.

२९ नोव्हें., शनिवार

दारव्ह्याच्या पावण्यांचा निरोप. येत नाहीत. कोणाच्या तरी कानावर गेलं. दि. नं मले सांगितलं नाही, संगीतानं सांगितलं, ताक घुसळता घुसळता. म्हणे, "बरंच झालं आई. जे आयकून पळतात ते पळाले तेच बरं." मी तिच्याकडं पाह्यतच राह्यली. इतक्या वर्सांत ही पोरगी माह्या मनातलं पहिल्यांदा बोलली. लोणी जास्त निघालं आज.

शेजारीण येऊन इचारते, "तेजूचं काही लफडं झालं म्हणे?" लफडं. तोंडात पान, अन् ओठाच्या कोपऱ्यातून लाल गळून राह्यलं. मी म्हणलं, लफडं सायबाचं आहे, आमच्या पोरीची तक्रार आहे. फरक समजला का? नाही समजला. फोन मागाले आलती, देला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळीच तेजूचा फोन. "आजी, तो शब्द आता आबाले माहीत, अन्वरचाचाले माहीत, साऱ्या ढाणकीले माहीत. बदल." कसं बदलाचं ते सांगितलं. मंग हासली पोट्टी, कितीक दिवसांनी. "मले वाटलं तू खरंच नाव टाकलं होतं."
"वाटू देलं तुले."
"निकाल लागला का कुलपाचीच चिठ्ठी धाडते. फोनवर बोलता येणार नाही इथून."

मी देवघरापाशी बसून बदलला. आता काय ठेवला ते इथं लिहीत नाही. ही वहीही काही डब्बाबंद नाही.

दिवसभर काहीच नाही. वाती केल्या, शंभरावर. हे सुपारी घेऊन वट्ट्यावर. दोन वाजता दि. आला, दुकान उघडं सोडून. म्हणे चहा पाह्यजे. दुकानासमोर चहाचा ठेला आहे. चहा झाला तरी गेला नाही. दारात उभा. "माय, काही आलं का?"
"नाही."

सव्वाचारले फोन वाजला, तो बारीक आवाज. कुलपाचं चित्र. तेजू.

हे आत आले. दि. ही. संगीता पिठाच्या हातानं. तिघंही वाकले माह्यावर, जसं विहिरीत काही पडलं.

"टाक न," हे म्हणे. "तेच आहे न, आवो आय..."
"बदलला."
"काय ठेवला?"
"तुमाले काय कराचं? तोंड तिकडं करा."

ह्याहीनं भिंतीकडं तोंड केलं, जसं तेजूनं केलतं. दि. तसाच उभा.
"तूही."
त्यानंही केलं.

मंग मी टाकलं. चार अक्षरं, नुसती, ना राव ना जी. वाटलं होतं बोट परत येईन. आलं नाही. मागून ह्याह्यच्या पाठीकडं एकदा पाह्यलं, अन् बटण दाबलं.

चक्र फिरून राह्यलं.